चिखलांत रुतलेलें वाहन व पंक्चर झालेलें चाक

पावसाळा लागला कीं आपल्या मुलखांतील पाणंदींची व शिवरस्त्यांची काय दशा होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. गांवनकाशावर हे रस्ते तुटक रेघांनीं दाखविलेले असतात, आणि महसूल दप्तरांत नोकरी केल्यामुळें त्या रेघांवरून होणारे तंटे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. रस्ता कोणी अडविला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यान्वयें दाद मागतां येते. पण रस्ता मोकळा असूनहि वाहन त्यांत आसापर्यंत बसलें तर कोणताहि कायदा उपयोगी पडत नाहीं. तेथें दोर, फावडें व यंत्रशास्त्राचें थोडें ज्ञान लागतें.

बैलगाडी रुतली तर चार माणसें चाकास खांदा देऊन ती काढीत. आतां शेतावर जाणें मोटरसायकलीनें व मशागत ट्रॅक्टरनें होते. साधी मोटरसायकल ११० ते १२० किलो वजनाची व मध्यम ट्रॅक्टर दोन हजार किलोंच्या आसपास. केवळ हौसेखातर डोंगरांतील आडवाटांनीं मोटरसायकल फिरविणारे लोक ओढण्याचा पट्टा, पंप व पंक्चरचें सामान बरोबर घेतल्यावांचून निघत नाहींत. आणि ज्यांस गरजेपोटीं रोज तसल्याच वाटेनें जावें लागतें, ते आपण मात्र रिकाम्या हातांनीं निघतों. या लेखांत अशा सामानाची माहिती देण्याचें योजिलें आहे; विशेषतः त्याचा उपयोग चुकीच्या रीतीनें केल्यास जिवावर कसें बेततें, तें आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम चिखलाविषयीं. काळ्या जमिनींतील चिकण मातीचे कण पाणी शोषून फुगतात व सुकल्यावर आकसतात. उन्हाळ्यांतील भेगा व पावसाळ्यांतील गिलावा हीं एकाच गुणाचीं दोन रूपें होत. ही माती टायरच्या खांचांत भरली म्हणजे टायर गुळगुळीत होतो, व चालक जितका जोर देईल तितकें चाक जागच्या जागीं फिरून आपला खड्डा आपणच खणतें. म्हणून चाक गरगरूं लागतांच जोर देणें थांबवावें. अर्धें चाक बसण्यापूर्वीं थांबलेलें वाहन कडब्याच्या चार पेंढ्यांवर निघून येतें. पुढें त्यासाठीं दुसरें वाहन आणावें लागतें.

मोटरसायकलीचें दुखणें थोडें निराळें आहे. पुष्कळदां ती रुतलेली नसतेच, जखडलेली असते. चाक व मडगार्ड यांमधील फटींत चिखल ठासून चाक फिरेनासें होतें, आणि चालकास वाटतें कीं इंजिनांत जोर नाहीं. अशा वेळीं क्लच जाळण्यांत अर्थ नाहीं. वाळकी काठी किंवा जुना विळा घेऊन फट मोकळी करावी. गाडी खरोखरच खड्ड्यांत बसली असेल तर ती सरळ उभी उचलण्याची धडपड करूं नये, त्यांत पाठ लचकते. इंजिन बंद करून, पेट्रोलची तोटी असल्यास तीहि बंद करून, गाडी हलकेच एका बाजूस निजवावी. तापलेल्या सायलेन्सरपासून पाय जपावा. गाडी आडवी झाली कीं चाक खड्ड्यांतून सुटतें. मग खड्डा दगडांनीं व पाचटानें भरून गाडी उभी करावी, आणि तिच्यावर न बसतां, बाजूनें चालत, पहिल्या गिअरमध्यें हलक्या हातानें बाहेर काढावी. दुसऱ्या माणसानें पुढून ओढावयाचें असल्यास पट्टा हँडलास न बांधतां, पुढील दोन नळ्यांस जोडणाऱ्या खालच्या जोडापाशीं बांधावा.

नदीपात्रांतील वाळूस उपाय वेगळा. तेथें हवा कमी करणें हेंच औषध होय. टायर थोडा चपटा झाला कीं तो अधिक जागा व्यापतो व वाळूंत कापत जात नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत इजिप्तमध्यें नेमणुकीस असलेले राल्फ बॅगनोल्ड नांवाचे ब्रिटिश लष्करी अधिकारी साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटांत हिंडूं लागले. टायरमधील हवा कमी करणें, आणि रुतलेल्या चाकाखालीं पोलादी पन्हळी सारणें, या दोन युक्तींवर त्यांचा मोठा भर होता. पुढें १९४० मध्यें त्यांनीं उभारलेल्या वाळवंटी पथकाच्या वाहनांवरहि अशाच पन्हळी लादलेल्या असत. आपल्याकडे जाड पत्र्याचा तुकडा किंवा जुनी फळी तेंच काम करील. मात्र ट्यूबच्या मोटरसायकलीची हवा फार उतरवूं नये. मागील चाकांत एरवीं दर चौरस इंचास ३० पौंडांच्या आसपास हवा असते, ती १८ ते २० पर्यंत आणावी व वाळू संपतांच पुन्हां भरावी. हवा त्याहून कमी झाल्यास टायर रिमवर सरकून वालचें मूळ फाटतें, आणि दगड लागल्यास ट्यूब दोहों बाजूंनीं चेपून तीस जोडीनें भोकें पडतात. अर्थात् ज्याच्याजवळ पंप नाहीं त्यानें हवा काढूंच नये.

आतां पंक्चर. आपल्या रानांत याचें मुख्य कारण बाभळीचा कांटा. खिळा दिसतो व निघतो. कांटा टायरमध्यें शिरून बाहेरून मोडतो व त्याचें टोक आंत राहतें. पुष्कळ लोक ट्यूबला ठिगळ लावून ती तशीच बसवितात, आणि अर्ध्या कोसावर तेंच टोक पुन्हां ट्यूबमध्यें शिरतें. मग दोष ठिगळाला! ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आंतून फडकें फिरवावें. जेथें फडकें अडकेल तेथें कांटा आहे. नुसतें बोट फिरवूं नये. ट्यूबचें भोक वालपासून किती अंतरावर आहे तें मोजलें असतां टायरमध्यें कोठें शोधावें हेंहि कळतें, म्हणून चाकावर ट्यूब कशी होती याची खूण खडूनें अगोदर करून ठेवावी.

टायर रिमवरून काढतांना जोर करण्यापूर्वीं एक गोष्ट पाहावी. रिमचा मधला भाग खोलगट असतो. एका बाजूची कड पायानें त्या खोलगट भागांत दाबून ठेवली म्हणजे समोरच्या बाजूस कड ढिली पडते व टॉमी सहज चालते. हें ज्यास साधलें त्याला दोन लहान टॉम्या पुरतात. ज्यास साधलें नाहीं तो पहार घेतो आणि ट्यूब फाडतो. ठिगळ लावण्याची जागा कांचकागदानें खरवडून कोरडी करावी, सोल्यूशनचा पातळ थर द्यावा व तो बोटास ओला न लागतां नुसता चिकट लागेल इतका सुकूं द्यावा. यास तीन ते पांच मिनिटें लागतात, आणि हींच मिनिटें देण्याचा लोकांस कंटाळा येतो. ट्यूब परत घालतांना तींत थोडी हवा भरावी, म्हणजे ती टॉमीखालीं चेपत नाहीं; आणि टायर बसविण्याचें काम वालच्या समोरून सुरू करून वालपाशीं संपवावें.

ट्यूबलेस टायरचें काम पुष्कळ सोपें. चाक न काढतां भोकांत खडबडीत सुई फिरवून तें साफ करावें व चिकट रबराची पट्टी आंत खुपसून तिचीं टोकें बाहेर ठेवून कापावीं. ही रीत जमिनीवर टेकणाऱ्या भागापुरतीच व सुमारें ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकासाठींच आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीस भोक पडलें असतां पट्टी घालून पुढें जाणें धोक्याचें आहे, कारण ती भिंत सतत वांकत असते. दुकानांतील पातळ औषध ट्यूबमध्यें ओतल्यास बारीक कांट्याचीं भोकें बुजतात हें खरें. परंतु पुढें ठिगळ लावण्याचा प्रसंग आला कीं तें औषध ट्यूबला चोळून चोळून धुवावें लागतें. आमचें मत विचाराल तर, ज्याच्या वाटेवर रोजच कांटे आहेत त्यानेंच तें ओतावें.

ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरचें पंक्चर घरीं काढण्याचा मोह धरूं नये. १९३२ मध्यें अमेरिकेंत ॲलिस-चामर्स कंपनीनें हवेचे रबरी टायर घातलेला ट्रॅक्टर बाजारांत आणला. तेव्हांपासून लोखंडी चाकें मागें पडत गेलीं व शेतकऱ्याच्या अंगणांत दाबलेल्या हवेचें एक मोठें कोठार आलें. टायरची कड रिमवर बसत नाहीं म्हणून हवा भरतच जाणें हा त्यांतील मोठा अपघात होय. दर चौरस इंचास ३५ पौंडांपर्यंत भरूनहि कड बसली नाहीं तर हवा पूर्ण सोडावी, कडेस साबणाचें पाणी लावावें व नव्यानें सुरुवात करावी. भरतांना नळी लांब असावी आणि माणसानें टायरच्या समोर न राहतां बाजूस उभें राहावें. टायर चढविलेल्या रिमला वेल्डिंग तर केव्हांहि करूं नये, टायरांतील हवा काढली असली तरीहि. उष्णतेनें आंतील रबराचा वायु होऊन टायर बाँबसारखा फुटतो. ज्यांच्या मागील चाकांत वजनासाठीं पाणी भरलेलें आहे त्यांनीं पंक्चर काढण्यास आलेल्या मनुष्यास तसें अगोदर सांगावें, म्हणजे चाकाचें वजन किती असेल याचा त्यास अंदाज येईल.

रुतलेला ट्रॅक्टर काढण्याच्या कामीं सर्वांत घातक अशी एक चाल आहे. मागील चाकांस सांखळीनें आडवें लांकूड बांधतात, म्हणजे चाक फिरतांच लांकूड जमिनींत अडकून ट्रॅक्टर पुढें सरकावा. सरकला तर ठीक. न सरकला तर काय होतें तें पाहावें. इंजिनाचा जोर मागील आस फिरवूं पाहतो. चाकें फिरूं शकलीं नाहींत तर तोच जोर ट्रॅक्टरचें धड आसाभोंवतीं फिरवितो. पुढील चाकें उचलतात व ट्रॅक्टर मागें उलथून चालकाच्या छातीवर येतो. हें सर्व दीड सेकंदाच्या आंत घडतें. क्लच दाबण्याचें भान येण्यापूर्वींच वेळ निघून जाते. ओढण्याचा दोर मागील आसाहून उंच बांधल्यासहि असेंच होतें. म्हणून ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा दोर खालच्या ड्रॉबारलाच बांधावा. वरच्या दांड्यास किंवा आसनामागील कोणत्याहि कडीस बांधूं नये. स्वीडनमध्यें १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या रक्षणाची लोखंडी चौकट सक्तीची करण्यांत आली व त्यानंतर तेथील असे मृत्यू घटत गेले. आपल्याकडे अशी चौकट असलीच तर ती छपराच्या सावलीसाठीं आहे असें समजून पट्टा बांधीत नाहींत. पट्टा नसेल तर चालक चौकटीबाहेर फेकला जाऊन तिच्याचखालीं सांपडतो.

तेव्हां क्रम असा धरावा. अवजार जोडलेलें असल्यास उचलावें किंवा सोडावें. एकच चाक गरगरत असेल तर दोन्ही चाकें एकत्र फिरविणारा डिफरन्शियल लॉकचा पायटा दाबून सरळ रेषेंत प्रयत्न करावा. वळतांना तो दाबूं नये. ज्या वाटेनें आंत गेलां त्याच वाटेनें मागें येण्याचा प्रयत्न करावा, कारण उलट्या गिअरमध्यें मागें उलथण्याचें भय कमी असतें. चाकांपुढील व पाठीमागील माती खणून उतार करावा; खणल्यानें चिखलाची ओढहि सुटते. एवढ्यानें न निघाल्यास दुसरा ट्रॅक्टर आणावा.

ओढीचा हिशेब असा आहे. वाहन चाकांच्या मध्याजवळ रुतलें असतां त्यास काढण्यास त्याच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत बसलें तर दुप्पट, असा लष्करी वाहनें ओढणाऱ्यांचा ठोकताळा आहे. दोन हजार किलोंच्या ट्रॅक्टरला दोन ते चार हजार किलोंची ओढ झाली. बैलजोडीची सतत ओढ तिच्या वजनाच्या सुमारें दशांश, म्हणजे शंभर किलोंच्या आसपास. त्यावरून बैलांस मारून काय साधणार तें उघड आहे. ट्रॅक्टरला फिरती कप्पी अडकवून दोराचें एक टोक समोरच्या मजबूत झाडास बांधलें व दुसरें ओढलें तर ओढ जवळ जवळ दुप्पट पडते; दोर मात्र दुप्पट अंतर ओढावा लागतो.

दोराची निवड येथें महत्त्वाची. विहिरीचा जुना सोल किंवा तारेचा दोर झटक्याच्या कामास वापरूं नये. तारेचा दोर ताणला जात नाहीं, तुटला म्हणजे चाबकासारखा उलटतो. झटका द्यावयाचा असेल तर नायलॉनचा लवचीक दोर मिळतो. तो लांबीच्या वीस ते तीस टक्के ताणतो व ओढ हळूहळू लागूं देतो. परंतु तोच गुण त्यास धोकादायकहि करतो, कारण कडी निसटली कीं ती गोळीसारखी येते. म्हणून दोर मोटारच्या गोलमुंडी हुकाला कधींहि अडकवूं नये, वजनाचा आंकडा कोरलेली शॅकल वापरावी, दोराच्या मध्यावर ओलें पोतें टाकावें, आणि पाहणाऱ्यांस दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभें करावें. दोराची ताकद ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या वजनाच्या निदान तिप्पट असावी, व ती मडगार्डपर्यंतच्या रुतण्यास पुरी पडणार नाहीं असें समजून तेथें आधीं खणावें. गांठ मारल्यानें दोराची पुष्कळ ताकद जाते, तेव्हां विणलेल्या डोळ्याचाच दोर घ्यावा. काम झाल्यावर तो धुवून सावलींत वाळवावा. चिखलांतील बारीक खडे आंतले तंतु कापतात, आणि उन्हानें नायलॉन ठिसूळ होतें. बाहेरचा पदर खरबरीत झालेला, किंवा कोठें बारीक व कडक झालेला दोर दिसल्यास त्याचे तुकडे करून जनावरें बांधण्यास द्यावे, म्हणजे तो पुन्हां कोणी ओढण्यास नेणार नाहीं.