गरोदरपण : व्यायाम हवा, राबणं नको

माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये 8 ते 12 दिवसांच्या झोपलेल्या बाळांच्या मेंदूचे विद्युत आलेख तपासले. गरोदरपणात आठवड्यातून तीनदा, किमान 20 मिनिटं व्यायाम केलेल्या आयांच्या बाळांचा मेंदू आवाज ओळखण्यात अधिक परिपक्व आढळला. अभ्यास छोटा होता, पण दिशा आशादायक आहे. आईच्या व्यायामाचा बाळाच्या वेदनेच्या संवेदनेवर काय परिणाम होतो, याचे पुरावे मात्र मुख्यतः उंदरांवरचे. ते लगेच माणसाच्या बाळाला लावू नयेत.

आणि वैजापूर तालुक्यात कापूस वेचणाऱ्या, कांदा लावणाऱ्या गरोदर बाईला कुणी 'तुझा व्यायाम आपोआप होतोय' म्हणू नये. पुण्याजवळच्या सहा गावांत 1990च्या दशकात झालेल्या अभ्यासात जास्त कष्ट उपसणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन आणि डोक्याचा घेर, दोन्ही कमी भरले. शेतातलं काम, पाणी वाहणं हे सगळं त्या कष्टांत मोजलं होतं. तिला आधी विश्रांती आणि पोटभर जेवण हवं.

बैठं काम असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे : आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल, बोलता येईल इतक्या वेगानं चालणं. रक्तस्राव, चक्कर किंवा पोटात कळा आल्यास थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.