नाव दुसरीकडे गेलेलं कॉलेज

भायखळ्याच्या त्या आवाराला सारी मुंबई ‘जेजे’ म्हणते. रुग्णालय जमशेटजी जिजीभॉयांच्या नावाचं, शेजारचं कॉलेज गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचं. पण टॅक्सीवाल्याला नुसतं ‘ग्रँट मेडिकल’ सांगितलं, तर तो ग्रँट रोडकडे गाडी वळवण्याचीच शक्यता जास्त. १८४५ साली दोन्ही सुरू झाली. इथल्या मुलांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवून डॉक्टर करायचं, यासाठी कॉलेज काढलं होतं, संशोधनासाठी नव्हे. तरी संशोधन झालं, कारण रोगी वॉर्डात येतच राहिले. गंमत अशी की, त्यातलं बरंचसं आज कॉलेजच्या नावावर नाही.

भाऊ दाजी लाड पहिल्या तुकडीतले. १८५१ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले. आज ते आठवतात राणीच्या बागेतल्या संग्रहालयामुळे आणि शिलालेखांच्या अभ्यासामुळे. कडू कवठाच्या बियांच्या तेलावर आधारलेले त्यांचे कुष्ठरोगावरचे उपचार फार थोड्यांना माहीत आहेत. त्याला एक कारण ते स्वतःच: औषध त्यांनी पुरतं उघड केलं नाही. विद्वत्तेत इतका मोकळा माणूस इथेच का आखडला, हे कोडंच आहे.

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचं नाव तर आधीच कोपऱ्यात गेलं होतं. जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी शरीररचनेच्या ज्या पुस्तकाला ‘ग्रे’ म्हणतात, त्यातली मूळ चित्रं कार्टर यांची. पुस्तक निघालं १८५८ मध्ये, आणि त्याच वर्षी ते मुंबईत येऊन ग्रँट मेडिकलमध्ये शरीररचना शिकवू लागले. इथे त्यांनी पाहिले ते अनवाणी चालणाऱ्या शेतकरी-मजुरांचे पाय: सुजलेले, भोकं पडलेले, त्यांतून काळे किंवा पांढुरके कण बाहेर पडणारे. ते कण सूक्ष्मदर्शकाखाली घालून कार्टर यांनी ही बुरशी असल्याचं सांगितलं, रोगाला ‘मायसेटोमा’ नाव दिलं आणि १८७४ मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ काढला. पांढुरके कण पुष्कळदा जीवाणूंचे असतात, हे नंतर कळलं. पण काळ्या कणांविषयी ते बरोबर होते.

मग १८७७ आलं. दख्खनच्या दुष्काळानं उठवलेली माणसं मुंबईत येऊन पडत होती आणि त्यांच्यात एक ताप पसरला होता. आठवडाभर फणफणायचा, उतरायचा, काही दिवसांनी पुन्हा चढायचा. बर्लिनमध्ये ओबरमायर यांना अशा तापात जे मळसूत्री जंतू दिसले होते, ते कार्टर यांना इथल्या रुग्णांच्या रक्तात सापडले. ते रक्त माकडांना टोचून त्यांनी माकडांतही ताप आणून दाखवला. हा ताप उवांतून पसरतो, हे कळायला पुढचं शतक उजाडावं लागलं. दुष्काळाच्या मराठी इतिहासात खडी फोडायची कामं आणि धान्याचे भाव येतात. हा ताप मात्र क्वचितच.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. गोव्यातल्या हडफड्याचे हे डॉक्टर ग्रँट मेडिकलचेच विद्यार्थी. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेले वाल्डेमार हाफकिन पुढच्याच महिन्यात मुंबईत पोचले. कॉलराची लस ते आधीच भारतात टोचत होते. कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेत त्यांना मिळालं काय? एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई.

त्या खोलीतली युक्ती अस्सल देशी होती. जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागतो. गोमांस किंवा डुकराचं मांस वापरलं, तर इथे लस कोण टोचून घेणार? म्हणून बकऱ्याचं मांस आलं. अर्काच्या पृष्ठभागावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले, की त्यांना धरून प्लेगचे जंतू वडाच्या पारंब्यांसारखे खाली वाढत. बाटली हलवली की पारंब्या गळून तळाशी जात आणि वर नव्या फुटत. असं काही आठवडे चालवून सारा अर्क तापवून जंतू मारायचे, कार्बोलिक आम्ल घालायचं, झाली लस. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती १० घनसेंटिमीटर स्वतःलाच टोचून घेतली. ताप चढला, उतरला.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथल्या ‘स्वेच्छेने’ पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. गजाआडच्या माणसाची इच्छा कितपत मोकळी असते, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नाही. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात मोजणी अधिक नेटकी झाली. एकाच घरातल्या काहींना लस टोचली, काहींना नाही. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ पैकी २६. एकच छप्पर, तेच उंदीर, तेच पाणी. फरक फक्त सुईचा. साथीच्या शास्त्रात इतकी बोलकी तुलना त्या काळी विरळाच.

एव्हाना खोली अपुरी पडली होती. प्रयोगशाळा कॉलेजातून उठली, मलबार हिलवरच्या बंगल्यात आणि मग आगाखानांच्या वास्तूत राहून १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. कॉलेज पुन्हा आपल्या व्याख्यानांना लागलं.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं मेले. त्या दिवशी वापरलेल्या बाकीच्या बाटल्यांनी कुणाला काही झालं नव्हतं. तिथे ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, असं पुढे आलं. तरी ठपका आला तो मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ लंडनच्या ‘टाइम्स’मधून त्यांच्या बाजूनं उभे राहिले तेव्हा कुठे १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. मधल्या काळात भारत सोडून गेलेले हाफकिन परत आले, पण नेमणूक झाली कलकत्त्याला. मुंबईहून प्लेगच्या लशीचे डोस जातच होते. १९२५ पर्यंत त्यांची संख्या सुमारे २ कोटी ६० लाखांवर गेली. त्याच वर्षी परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव देण्यात आलं.