गाबोळीच्या आधीचे चार ठिपके

मासा मोठा झाला की त्याच्या पोटात अंडाशय किंवा वृषण तयार होतं आणि मग तिथे जननपेशी जन्माला येतात, असं बहुतेकांना वाटतं. गाबोळी पाहून तसं वाटणं साहजिकही आहे. झेब्राफिशमध्ये मात्र गोष्ट उलटी घडते. गंगेच्या खोऱ्यातही आढळणारा हा पट्टेरी मासा आता जगभरच्या प्रयोगशाळांत असतो, कारण त्याचं जेमतेम पाऊण मिलिमीटरचं अंडं पारदर्शक असतं. फलनानंतर तासाभरात भ्रूणाच्या चार पेशी होतात. तेव्हा 'वासा' जनुकाचा आरएनए रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पेशींमधल्या खाचांच्या टोकांशी चार गडद ठिपके दिसतात. 1997 साली हे प्रसिद्ध झालं. पुढे हे ठिपके ज्या चार पेशींत शिरतात, त्यांचेच वंशज जननपेशी होतात. अंडाशयाचा तेव्हा पत्ताही नसतो. एका रासायनिक संकेताचा माग काढत या पेशी दिवसभरात अंडाशयाच्या किंवा वृषणाच्या नियोजित जागी चालत जातात.

वासासारखी जनुकं फक्त जननपेशींत असतात, हेही खरं नाही. वासा जनुक शेपटीच्या पेशीतही असतं. वेगळेपण आरएनएचं, आणि सुरुवातीचा आरएनए तर भ्रूणाचा नसतोच. तो आईनं अंड्यात भरून ठेवलेला असतो. भ्रूणाची स्वतःची जनुकं नीट जागी व्हायला जवळपास तीन तास लागतात.

इथला एक प्रयोग मला फार आवडतो. हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या आरएनएला 'नॅनोस3' या अशाच दुसऱ्या जनुकाच्या आरएनएचं शेपूट जोडायचं आणि ते एकपेशीय भ्रूणात टोचायचं. ते सगळीकडे पसरतं. दुसऱ्या दिवशी मात्र ठळक चमकतात त्या जननपेशीच. बाकीच्या पेशींत एक मायक्रोआरएनए ते शेपूट ओळखून त्याचा निकाल लावतो. जननपेशींत 'डेड एंड' नावाचं प्रथिन त्या शेपटाला पाठीशी घालतं. म्हणजे आरएनएची ही खूण इथे राखली जाते आणि इतरत्र पुसली जाते.

जननपेशींची खूण दाखवणारं जनुकच त्यांना घडवतं, ही समजूत अभ्यासकांच्या बोलण्यातही कधी कधी डोकावते. झेब्राफिशमध्ये भ्रूणाचं स्वतःचं वासा निकामी केलं तरी जननपेशी तयार होतात. त्या पुढे टिकत नाहीत आणि मासा वांझ नर होतो. डेड एंड काढलं तर जननपेशी आपली ओळखच विसरतात, काही चक्क इतर ऊतींच्या पेशी बनतात. दोन्ही 'खुणेची जनुकं', पण कामं निराळी.

उंदरात तर आईची अशी शिदोरीच नसते. शेजारच्या पेशींच्या इशाऱ्यावरून काही पेशी जननपेशी ठरतात.

जननपेशी नसल्या की मासा नरच होतो, असंही झेब्राफिशवरून सरसकट धरू नये. गोल्डफिशमध्ये तसं होत नाही, सॅमनमध्येही नाही. नॉर्वेत शेतीतले सॅमन पिंजऱ्यातून निसटतात आणि जंगली सॅमनशी त्यांचा संकर होतो, ही मोठी डोकेदुखी. म्हणून तिथल्या संशोधकांनी अटलांटिक सॅमनमध्ये डेड एंड निकामी केलं, ते काम 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. नर नरच राहिले, माद्या माद्याच. त्यांच्या पोटात गाबोळी मात्र नाही.