झाडाखाली टकळीचा तास

आमच्या लहानपणी शाळेत सूतकताईचा तास असे. प्रत्येकाजवळ एक टकळी, पत्र्याचा एक डबा आणि त्यात चार-सहा पेळू. तास संपला की गुरुजी सूत मोजत आणि त्यावर गुण देत. माझे सूत सारखे तुटे. “नीट कात” एवढेच सांगितले जाई. नीट म्हणजे कसे, सूत का तुटते, शेजाऱ्याचे का तुटत नाही, हे मी कधी विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. पुढे तो तास बंद झाला तेव्हा आम्हांला आनंदच झाला.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योग शिक्षणाची आखणी केली. हाताने काम करता करता गणित आणि विज्ञान शिकावे, ही त्यामागची कल्पना. आमच्या वर्गात मात्र सुताची मोजणी तेवढी शिल्लक राहिली होती. पुष्कळ वर्षांनी, स्वतः शिकवू लागल्यावर, मी पुन्हा टकळी हातात घेतली. या वेळी अंगणातल्या कडुनिंबाखाली, गुणांची काळजी नसताना. तेव्हा जे दिसले ते येथे मांडत आहे.

इंचभर तंतूचा लांब धागा

कापसाचे एक बोंड घ्या आणि सरकीवरचा एकच तंतू अलगद उपटा. त्याची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर भरेल. हा संपूर्ण तंतू म्हणजे एकच पेशी! सरकीच्या सालीवरील एक पेशी वाढत वाढत आपल्या जाडीच्या हजारपटीहून अधिक लांब होते. बोंड उमलले की ती वाळते, तिची नळी चपटी होते आणि फितीसारखी जागोजागी पिळवटते. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ही पिळवटलेली फीत स्पष्ट दिसते.

आता चिमूटभर कापूस दोन्ही हातांनी ओढा. तो सहज सुटतो. तंतू तुटत नाहीत, एकमेकांवरून घसरतात. तसाच दुसरा कापूस ओढता ओढता बोटांनी पिळा. आता तो सुटत नाही. गोंद नाही, गाठ नाही. मग धरले कशाने?

पीळ दिल्यावर प्रत्येक तंतू मळसूत्रासारखा इतर तंतूंभोवती फिरतो. धागा ओढला की बाहेरचे तंतू आतल्यांना आवळतात. दाब वाढला की घर्षण वाढते. म्हणजे जितके जोराने ओढावे तितकी पकड घट्ट होते. कापसाच्या फितीची वेडीवाकडी वळणे याला मदत करतात.

पण पीळ वाढवत गेले म्हणजे धागा बळकट होतच जातो, असे नाही. फार पीळ दिला की तंतू धाग्याच्या दिशेला फारच तिरपे होतात, त्यांचे बळ लांबीच्या दिशेने कमी लागते आणि धागा पुन्हा कमजोर होतो. धागा सैल सोडताच त्याला आपोआप वेटोळी पडू लागली, तर पीळ जास्त झाला असे समजावे.

धागा स्वतःला सुधारतो

पेळूतून कापूस ओढताना धागा कुठे जाड, कुठे बारीक येतो. नवशिक्याला वाटते की आता हे बिघडले. थोडे थांबून पाहा. जाड भागापेक्षा बारीक भाग पिळायला सोपा असतो, म्हणून पीळ आधी बारीक भागात धावतो आणि तो भाग पक्का होतो. जाड भागात पीळ कमी राहतो, तेथील तंतू अजून घसरू शकतात. अशा वेळी हलकेच ओढले की बारीक भाग तसाच राहतो आणि जाड भाग लांबून बारीक होतो. सूत सारखे होण्याचे रहस्य हेच. मी लहानपणी जाड जागा दिसली की घाबरून टकळी आणखी जोरात फिरवत असे. त्यामुळे जाड भागही आवळला जाई, तो पुढे लांबतच नसे, आणि ओढ बसली की शेजारचा बारीक भाग तुटे.

चकतीचे काम

सायकलच्या चाकाची जुनी तार घ्या, वरच्या टोकाला बारीक आकडा करा आणि खाली लाकडाची किंवा मातीची चकती बसवा. झाली टकळी. आधी ती चकतीशिवाय फिरवून पाहा, लगेच थांबते. चकती बसवली की बराच वेळ फिरते. वजन अक्षापासून जितके दूर, तितकी फिरती वस्तू थांबवणे अवघड. जड पण लहान चकती आणि हलकी पण रुंद चकती यांची तुलना विद्यार्थ्यांनी स्वतः करावी. उत्खननांत सापडणाऱ्या मातीच्या भोक पाडलेल्या चकत्या याच कामाच्या. नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन दफनात तांब्याच्या मण्यांत धाग्याचे अवशेष मिळाले, त्यांत कापसाचे तंतू आढळले. आपल्याकडे हे कौशल्य तीन हजार वर्षांहून जुने आहे.

थोडे गणित

२० नंबरच्या सुताचा १ ग्रॅम म्हणजे सुमारे ३४ मीटर. या सुताच्या छेदात सरासरी दीडशेच्या वर तंतू असतात, आणि इंचाला साधारण १८ पीळ. म्हणजे मीटरला सुमारे ७०० पीळ. टकळी सेकंदाला १० फेरे घेते असे धरले, तर मीटरभर सुताला ७० सेकंद लागतील. एका सदऱ्याचे कापड २५० ग्रॅमचे धरले, तर सूत झाले साडेआठ किलोमीटर! नुसते पीळ देण्याचे तास १६५. रोज एक तास कातले तर साडेपाच महिने. गुंडाळणे, पिंजणे, विणणे वेगळेच. हे गणित केलेला विद्यार्थी अंगातल्या सदऱ्याकडे निराळ्या नजरेने पाहतो.

बाहेर का बसावे?

एक कारण शास्त्रीय आहे. कापूस हवेतील ओलावा शोषतो आणि ओलसर झाल्यावर अधिक बळकट होतो. लोकरीचे उलट, ती ओली झाली की कमजोर होते. गिरण्यांच्या कताईखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात, ती याचसाठी. एकाच विद्यार्थ्याने एकाच पेळूतून सकाळी आठ वाजता आणि दुपारी दोन वाजता कातावे, दर वेळी सूत किती वेळा तुटले ते लिहावे आणि शेजारी ओल्या व कोरड्या तापमापकांची नोंद ठेवावी. महिनाभराच्या नोंदी झाल्या की आलेख काढता येईल.

दुसरे कारण म्हणजे नमुने भोवतीच असतात. चैत्र-वैशाखात काटेसावरीची बोंडे फुटली की तो कापूस कातून पाहा. तो कापसापेक्षा मऊ, पण हाती धागा लागत नाही. त्याचे तंतू गुळगुळीत आणि सरळ असतात, एकमेकांना धरतच नाहीत. म्हणून तो उशांत भरतात. रुईच्या म्हातारीवरही हाच प्रयोग करावा.

तिसरे कारण मात्र आलेखात मावणारे नाही. टकळीला पहिली दहा मिनिटे सगळे लक्ष द्यावे लागते. नंतर बोटांना पीळ कळू लागतो आणि डोळे मोकळे होतात. तोंड आपोआप बंद होते. एकदा असाच बसलो असताना पेळूतून उडालेला कापसाचा पुंजका शिंपी पक्ष्याने उचलून नेला. हा पक्षी पानांच्या कडांना भोके पाडतो, त्यांतून तंतू ओवतो, आणि बाहेर आलेले टोक विस्कटून फुगते, म्हणून ते निसटत नाही. तेही घर्षणच! हातात पुस्तक असते तर मी ते पाहिले नसते. मेंढरांमागे हिंडता हिंडता लोकर कातणाऱ्या धनगरांना आणि अँडीज पर्वतात चालता चालता कातणाऱ्या बायकांना हे सुख जुने आहे: हात कामात आणि नजर रानावर.

शिक्षकांना एवढीच विनंती की महिन्यातून एक तास मुलांना झाडाखाली बसवावे. सूत मोजू नये, गुण देऊ नयेत. सूत तुटले की “नीट कात” असे न म्हणता “कुठे तुटले, जाड जागी की बारीक?” एवढे विचारावे. बाकीचे मूल स्वतःच शोधून काढील. मला हा प्रश्न कुणी विचारला असता, तर टकळी पुन्हा हाती घ्यायला इतकी वर्षे लागली नसती.