उजनीच्या काठी आलेला कॅमेरा

पुणे-सोलापूर रस्त्यानं भिगवण मागं टाकलं की डाव्या हाताला मधूनमधून उजनीचं पाणी दिसतं. अलीकडचा काठ इंदापूर तालुक्याचा, पलीकडचा करमाळ्याचा. पाण्याखाली आहेत दोन्हीकडची जुनी गावठाणं. १९८० साली हे ११७ टीएमसीचं धरण पुरं झालं आणि पळसदेवसारखी गावं उठून हमरस्त्याकडं आली. पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ मात्र जागेवरच राहिलं. उन्हाळ्यात साठा बराच वजा झाला की ते उघडं पडतं आणि बारामती-पुण्याच्या गाड्या काठाला लागतात. पाणी हटल्यावर उरते ती भेगाळलेली गाळाची जमीन आणि वाळून उभी राहिलेली झाडं. हाच मुलूख ‘सैराट’नं महाराष्ट्राला दाखवला.

२९ एप्रिल २०१६ ला आलेल्या या चित्रपटानं शंभर कोटींच्या वर गल्ला केला. मराठीत तोवर असं घडलं नव्हतं. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. नायिका आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, तेव्हा शाळकरी मुलगी. नट आणि गर्दी बरीचशी याच पट्ट्यातली. गोष्टीतल्या गावाचं नाव बिटरगाव, आणि बिटरगाव करमाळा तालुक्यात खरोखर आहे.

गाव आपल्याच नावानं पडद्यावर यावं, असं क्वचित होतं. वाईचंच बघा. प्रकाश झांच्या ‘मृत्युदंड’ आणि ‘गंगाजल’मध्ये वाई बिहार झाली, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश. ‘स्वदेस’मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर म्हणजे मेणवली, नाना फडणविसांच्या वाड्याचं आणि घाटाचं गाव. पडद्यावर वाई क्वचितच वाई म्हणून आली, पण तिनं त्यातून धंदा उभा केला. लोकेशन दाखवणारे, माणसं पुरवणारे, बैलगाड्यांपासून जेवणापर्यंत सगळं जुळवणारे लोक तिथं तयार झाले, कारण एक युनिट गेलं की दुसरं येत राहिलं. करमाळ्याच्या वाट्याला उलटं आलं. नाव सगळीकडं झालं, आणि युनिट निघून गेलं.

युनिट गावात असतं तेव्हाचा पैसा दिसतो. जनरेटरची गाडी येते, जवळच्या गावातले लॉज भरतात, सकाळच्या शंभर-दीडशे नाश्त्यांची ऑर्डर कुणाला तरी मिळते, गर्दीत उभं राहणाऱ्यांना रोज मिळतो. ट्रॅक्टर, म्हशी, बैलगाडी सगळ्याला भाडं. ज्याच्या घराची ओसरी निवडली, त्याची भिंत फुकटात रंगवून होते (रंग कुठला, हे त्याला कुणी विचारत नाही). गावोगावी पुढची तक्रारही सारखीच ऐकू येते: कौलं फुटली, शेवटच्या आठवड्याचं बिल राहिलं, मॅनेजरचा फोन लागत नाही.

उजनीच्या काठावर यात आणखी एक पेच आहे. पाणी ओसरल्यावर जी जमीन पडद्यावर इतकी देखणी दिसते, ती धरणासाठी संपादित झालेली, म्हणजे सरकारची. जुना मालक तिथं फार तर गाळपेर करतो. त्याच्या बुडालेल्या शिवारात नायक-नायिका गाणं म्हणतात तेव्हा जागेचं भाडं मागायचा हक्क त्याला नसतो. विस्थापितांच्या नुकसानीतून तयार झालेला हा देखावा आहे आणि त्याच्या हिशेबात विस्थापित कुठंच नाही.

चित्रपट लागल्यावरचे परिणाम वेगळे. रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारातला विशेष उल्लेख आधीच जाहीर झाला होता, पण आता गर्दीमुळं शाळेत जाणं अवघड झालं आणि दहावी बाहेरून द्यावी लागली. ‘सैराट’मध्ये दाखवलेली जागा शोधत मोटारसायकलींवर पोरं येऊ लागली. करमाळ्याच्या कमलाभवानीची ९६ पायऱ्यांची बारव बाहेरच्यांना तेव्हा कुठं कळली. त्याच वेळी राज्यभर या चित्रपटावरून जातीची वादावादी झाली. शूटिंगला घर देणं सोपं असतं. आपल्याच शिवारातली, आपल्याच बोलीतली, जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याच्या खुनाची ती शेवटची दहा मिनिटं आपली म्हणून स्वीकारणं जड जातं. माझ्या मते ‘सैराट’नं या भागाला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही अडचणच आहे, पण तिच्यावर पर्यटन चालत नाही.

२०१८ साली याच गोष्टीचा हिंदी अवतार ‘धडक’ उदयपूरला गेला. तलाव तिथंही होता, शिवाय राजवाडे आणि हॉटेलं तयार होती. निर्मात्यांनी आपल्या सोयीचं केलं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

चित्रपट गेल्यावरही जागेला कमाई देत राहतो, याचं उदाहरण दूरचं आहे. न्यूझीलंडमधल्या माटामाटाजवळ अलेक्झांडर कुटुंबाचं मेंढ्यांचं फार्म आहे. पीटर जॅक्सन यांना ते १९९८ साली विमानातून दिसलं आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं हॉबिटन तिथं उभं राहिलं. पहिला सेट तात्पुरता होता. ‘द हॉबिट’च्या वेळी तोच टिकाऊ सामानात बांधून घेतला, आणि आज तिकीट काढून जगभरचे लोक तो पाहतात. जमीन मालकाच्या नावावर होती, म्हणून सौदा करता आला.

आपल्याकडं असा सौदा करणारं गाव अगदीच नाही असं नाही. इंदापूर तालुक्यातलं कुंभारगाव घ्या. हिवाळ्यात उजनीवर रोहित आणि पट्टकदंब उतरतात. चिलापी पकडणाऱ्यांनी त्यांच्यावर जोडधंदा उभा केला. होडीवाला पक्ष्यांच्या जवळ आला की इंजिन बंद करतो आणि बांबूनं होडी रेटतो. ऊन कुठल्या बाजूला घ्यायचं ते फोटोवाल्याला तोच सांगतो. फेरी संपली की घरी मासे-भाकरी. पक्षी दरवर्षी येतात हा मोठा फायदा, पण दर, नंबर आणि पक्ष्यांपासून किती अंतर ठेवायचं हे माणसांनीच ठरवावं लागतं.

राज्याकडून मराठी चित्रपटाला दर्जा पाहून अनुदान मिळतं. ज्या गावात तो चित्रित झाला त्या गावाचं देणं फिटलं का, हा प्रश्नही त्या अर्जात असायला हवा. तोवर काठावरच्या गावांनी आपलं आपण बघावं. युनिट आलं की ग्रामसभेत दर ठरवावेत, नुकसानीपोटी अनामत घ्यावी, गर्दीची आणि जेवणाची कामं आधी गावात द्यायची अट घालावी, श्रेयनामावलीत गावाचं नाव मागावं. जलसंपदा खात्याच्या जमिनीवर शूटिंग असेल तर भाड्यातला वाटा पुनर्वसित गावठाणाला मिळावा, असा ठराव करून पाठवावा. बारामतीत वकील आणि सनदी लेखापाल भरपूर आहेत. त्यांच्याकडून एक नमुना करार करून घेऊन इंदापूर पंचायत समितीनं तो काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला द्यावा. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.