रंग उडाला की सोने उघडे पडले?

शोभेच्या माशांच्या छंदात फ्लॉवरहॉर्नचा थाट निराळाच. कपाळावर फुगलेले टेंगूळ, अंगावर मोत्यांसारखी चमक आणि कुशीवर काळ्या डागांची ओळ यांमुळे हा मासा पाहताक्षणी नजरेत भरतो. असे पिलू मोठ्या हौसेने घरी आणावे आणि काही महिन्यांतच ते काळवंडावे, मग त्याच्या अंगावरचा काळा रंग ठिगळाठिगळांनी उडू लागावा, असा अनुभव अनेक छंदिष्टांना येतो. पहिला संशय अर्थातच रोगाचा येतो. पाण्यात मीठ टाकले जाते, औषधांच्या बाटल्या उघडल्या जातात. मासा मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्याच्या वंशात लिहून ठेवलेली गोष्ट वेळ येताच घडत असते, एवढेच.

फ्लॉवरहॉर्न निसर्गाने घडवलेला मासा नव्हे. १९९० च्या दशकात मलेशियातील पैदासकारांनी मध्य अमेरिकेतील काही सिक्लिड माशांचा संकर करून तो तयार केला. सिक्लिड हे माशांचे प्रचंड मोठे कुळ असून गोमंतकीयांच्या ताटातले कालुंदर आणि तलावांतून सर्वत्र पसरलेला तिलापिया हेही याच कुळातले. फ्लॉवरहॉर्नच्या पूर्वजांत तीन डागांचा ‘ट्रायमॅक’ जसा आहे, तसेच निकाराग्वा देशातल्या तळ्यांत राहणाऱ्या ‘मिडास’ गटातील मासेही आहेत. रंग उतरण्याचा गुण या संकरात मिडासच्या रक्तातून आला, असे पैदासकार मानतात. तेव्हा कोडे सोडवायचे तर आधी निकाराग्वाला जायला हवे.

आल्बर्ट ग्युंथर यांनी १८६४ मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. मिडासची सर्व पिले करड्या-काळपट रंगाची जन्मतात आणि बहुतेक मासे आयुष्यभर तशीच राहतात. थोड्या माशांचा काळेपणा मात्र पुढे गळून पडतो व ते नारिंगी, पिवळे किंवा पांढुरके होतात. हा बदल कुणात काही महिन्यांत होतो, कुणात काही वर्षांनी. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज बार्लो यांनी या माशांचा दीर्घ अभ्यास केला. आकार सारखा असला तरी झुंजीत सोनेरी मासे करड्यांवर वरचढ ठरतात, असे त्यांना आढळले. रंगाचा संबंध अशा रीतीने केवळ दिसण्याशी नाही, जगण्याशीही आहे.

माशाच्या कातडीत निरनिराळ्या रंगपेशी असतात. काही काळे रंगद्रव्य बाळगतात, काही पिवळे-तांबडे, तर काही प्रकाश परावर्तित करून चमक देतात. मिडासचा रंग बदलतो तेव्हा त्यातल्या काळ्या पेशी मरतात आणि त्यांच्याखाली झाकलेला पिवळा-तांबडा रंग उघडा पडतो. ‘रंग उडाला’ हा आपला शब्दप्रयोग येथे अर्धाच खरा ठरतो. एक रंग जातो, पण दुसरा कोठून येत नाही. तो आधीपासून तेथेच असतो.

यामागचे जनुक जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठाच्या संशोधकांना सापडले आणि २०२२ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्पर्शाने सोने करणाऱ्या ग्रीक पुराणकथेतल्या राजा मिडासची आठवण ठेवून त्यांनी त्याला ‘गोल्डनटच’ असे नाव दिले. आपण त्याला परीस म्हणू. सोनेरी माशांच्या या जनुकात सुमारे ८,२०० अक्षरांचा एक जादा तुकडा घुसलेला आढळतो. जनुकसंचात एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारणारे जे घटक असतात, त्यांपैकीच हा एक.

हा परीस प्रभावी गुण आहे. आई आणि बाप यांच्याकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकीत जरी तो असला, तरी मासा सोनेरी होऊ शकतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्रभावी म्हणजे बहुसंख्य नव्हे. तळ्यात परीस असलेले मासेच मुळात थोडे असतील, तर सोनेरी मासेही थोडेच दिसणार.

पैदासकारासाठी याचा हिशेब सरळ आहे. परिसाची एकच प्रत असलेला मासा आणि एकही नसलेला मासा यांची जोडी लावली, तर सरासरी निम्म्या पिलांना तो गुण मिळतो. दोघांकडे एकेक प्रत असेल, तर पाऊणपट पिलांना मिळतो. मात्र सगळी पिले सुरुवातीला सारखीच करडी असल्याने कोणते बदलणार हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. शिवाय बदलाची वेळ प्रत्येकाची वेगळी. म्हणून काळ्या डागांची सुंदर ओळ पाहून पिलाची किंमत मोजणाऱ्याने त्याचे आईबाप कसे आहेत, हे आधी विचारावे. कुशीवरचे ते डाग काळ्या पेशींचेच असतात आणि रंग उतरला की तेही जातात.

मग रोग कसा ओळखावा? घाबरलेला किंवा आजारी मासा पाहता पाहता फिका पडतो, कारण पेशींतले रंगद्रव्य आक्रसते. कारण दूर झाले की रंग परततो. वंशागत बदल आठवडेच्या आठवडे चालतो, ठिगळाठिगळांनी होतो आणि सहसा उलटत नाही. मासा नीट खात-पोहत असेल, तर औषधापेक्षा स्वच्छ पाणी आणि धीर यांचीच गरज अधिक. रंग वाढवणाऱ्या खाद्याने तांबडा-पिवळा रंग खुलतो, मेलेल्या काळ्या पेशी त्याने जिवंत होत नाहीत.

मनासारखा रंग राहिला नाही म्हणून मासा नदीत किंवा तलावात सोडून देणे हा मात्र सर्वांत वाईट उपाय. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज देशभरच्या पाण्यांत ठाण मांडून बसला आहे. फ्लॉवरहॉर्न तर त्याहून भांडखोर. सिंगापूर आणि मलेशियातील जलाशयांत सोडून दिलेले फ्लॉवरहॉर्न आढळलेही आहेत. आपल्या कालुंदराच्या पाण्यात हा आगंतुक नातेवाईक नको असेल, तर त्याला टाकीतच सांभाळायला हवे. मग त्याचा रंग काळा राहो की सोनेरी होवो.