लघुग्रहांच्या पट्ट्यातली माणसं

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लघुग्रह फिरतात, पण ते सगळे एकत्र केले तरी त्यांचं वस्तुमान आपल्या चंद्राच्या चार टक्क्यांपर्यंतही पोहोचत नाही. त्यांतला सगळ्यात मोठा सेरेस. १ जानेवारी १८०१ रोजी जुझेप्पे पियाझ्झी यांना तो पालेर्मोच्या वेधशाळेतून प्रथम दिसला. व्यास सुमारे ९४० किलोमीटर, गुरुत्व पृथ्वीच्या तीन टक्क्यांइतकं. ‘द एक्स्पान्स’ या कादंबरीमालेनं अशा या उजाड मुलखात कोट्यवधी माणसं वसवली. त्यांना बोली दिली, हावभाव दिले, हुतात्मे दिले आणि पिढ्यानपिढ्या चालणारं वैर दिलं. कल्पित अंतराळप्रदेश पुष्कळ आहेत, पण मला इतका पटलेला दुसरा नाही. इथल्या माणसांची प्रत्येक रीत कसल्या ना कसल्या टंचाईतून आलेली आहे आणि ती टंचाई आपल्याला मोजून दाखवता येते.

या जगाचा जन्म कादंबरीसाठी झाला नव्हता. टाय फ्रँक यांनी ते आधी संगणकावरच्या एका खेळासाठी रचलं. तो खेळ निघाला नाही, पण मित्रमंडळींबरोबर त्या जगात भूमिका घेऊन खेळणं चालू राहिलं. डॅनियल एब्रहम यांनी ती सगळी जमवाजमव पाहिली आणि याची कादंबरी होईल हे ओळखलं. दोघांनी जेम्स एस. ए. कोरी या एकाच टोपणनावानं लिहायला घेतलं. ‘लेव्हायथन वेक्स’ २०११ साली आली, नववी आणि शेवटची कादंबरी २०२१ साली. २०२०मध्ये या मालेला ह्यूगो पुरस्कार मिळाला. २०१५ ते २०२२ या काळात तिच्यावर सहा पर्वांची दूरदर्शन मालिका झाली. तिची धुरा सांभाळणाऱ्या नरेन शंकर यांनी कॉर्नेल विद्यापीठातून भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीत पीएच.डी. केली आहे, आणि ती शिस्त पडद्यावर जाणवते.

खेळातून जन्मल्याचा एक मोठा फायदा झाला. खेळणारे प्रश्न विचारतात. इथे हवा कुठून येते? पाण्याचे पैसे कोण देतं? भांडण झालं तर पोलीस कुणाचे? या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवावी लागली आणि त्या उत्तरांतूनच पट्ट्याचं अर्थकारण उभं राहिलं.

सेरेस हे पट्ट्याचं मोठं बंदर. कथेत अभियंत्यांनी हा गोळा वेगानं फिरवला आहे, म्हणजे आतल्या बोगद्यांत राहणाऱ्यांना पृथ्वीच्या सुमारे एक तृतीयांश वजन जाणवतं. इथे ‘खाली’ म्हणजे पृष्ठभागाकडे आणि ‘वर’ म्हणजे केंद्राकडे. जितकं आत जावं तितकं वजन घटतं. मालिकेत पेल्यात ओतलेलं मद्य सरळ न पडता वळसा घेत पडतं, ते या फिरण्यामुळेच. खरा सेरेस असा फिरवला तर त्याचं स्वतःचं क्षीण गुरुत्व त्याला एकसंध धरून ठेवू शकणार नाही. लेखकांनी घेतलेली ही सूट आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी मात्र ते निसर्गनियमांना घट्ट धरून राहतात.

पाण्याचंच पाहा. ‘डॉन’ हे यान मार्च २०१५मध्ये सेरेसभोवती पोहोचलं आणि तिथे भरपूर बर्फ असल्याचं त्याच्या निरीक्षणांतून दिसलं. मालिकेतल्या इतिहासात पृथ्वी आणि मंगळ यांनी हा बर्फ कधीच उपसून नेलेला आहे. आता सेरेसचे लोक शनीच्या कड्यांतून ओढून आणलेल्या बर्फावर जगतात आणि रेशनचं पाणी पितात. ज्यांच्या पायाखाली पाणी होतं त्यांनाच ते विकत घ्यावं लागतं. पुढच्या सगळ्या युद्धांचं मूळ इथे आहे.

पट्ट्यात जन्मलेल्यांना बेल्टर म्हणतात. कमी वजनात वाढल्यामुळे ते उंच आणि सडपातळ होतात, हाडं ठिसूळ राहतात. त्यांतल्या बहुतेकांना पृथ्वीवर उभं राहणंही यातनेचं ठरतं, म्हणून ज्या ग्रहावरून पूर्वज आले तो त्यांच्यासाठी कायमचा बंद झालेला आहे. त्यांचे हावभाव हातांचे आहेत. अंतराळ पोशाखाच्या आत खांदे उडवले किंवा मान हलवली तर समोरच्याला काय दिसणार? म्हणून होकार, नकार, बेपर्वाई सगळं हातांनी. बोलीही कष्टकऱ्यांच्या सरमिसळीतून झालेली. भाषातज्ज्ञ निक फार्मर यांनी मालिकेसाठी तिचं व्याकरण बांधलं आणि त्यासाठी अनेक खंडांतल्या भाषांतून शब्द घेतले. अशी सरमिसळ मंगळावरही आहे. तिथल्या मरिनर खोऱ्यात भारतीय, चिनी आणि टेक्सासचे लोक वसले, म्हणून अ‍ॅलेक्स कमल हा भारतीय वंशाचा वैमानिक टेक्सासच्या हेलात बोलतो.

हवा चोरणं हा बेल्टरांच्या लेखी सगळ्यांत नीच गुन्हा. कठोर शिक्षा म्हणजे एअरलॉकमधून बाहेर ढकलणं. ही नीती क्रूर वाटेल, पण जिथे एका माणसाच्या हलगर्जीपणानं अख्खी वस्ती गुदमरू शकते तिथे ती कशी रुजते हे लेखक समजावून देतात. भिंतीची गळती बुजवायची तर शेजाऱ्याशी असलेलं भांडण बाजूला ठेवावंच लागतं.

इतिहासाची सुरुवात एका यंत्रापासून होते. कथेच्या सुमारे दीडशे वर्षं आधी सॉलोमन एपस्टाइन हा मंगळावरचा माणूस आपल्या यानाच्या इंजिनात सुधारणा करतो. चाचणीत त्वरण इतकं वाढतं की शरीरावरच्या भारामुळे इंजिन बंद करायला त्याचा हात उचलला जात नाही. तो त्यातच मरतो, पण आराखडा मागे राहतो. त्या इंजिनानं मंगळाला पृथ्वीपासून स्वातंत्र्य मिळवून दिलं आणि दूरचे खडक खाणींच्या आवाक्यात आणले. मंगळ राष्ट्र झाला, पट्टा मात्र मजूरवस्ती राहिला.

मग जखमांची माळ सुरू होते. अँडरसन स्थानकावरचे बंडखोर शरण यायला तयार असताना पृथ्वीच्या सैन्यानं त्यांना मारलं. ते सैन्य नेणारा फ्रेड जॉन्सन पुढे पश्चात्तापानं पट्ट्याच्याच बाजूला आला आणि ओपीए या बेल्टरांच्या संघटनेचा पुढारी झाला. बर्फ वाहणारं ‘कँटरबरी’ हे जहाज उडवलं गेलं आणि पृथ्वी, मंगळ, पट्टा एकमेकांवर धावून गेले. इरॉस या लघुग्रहावर एका कंपनीनं परग्रहावरच्या पदार्थाचा प्रयोग करण्यासाठी अख्खी वस्ती कोंडून मारली. गॅनिमीडचा घाव तर फार खोल. गुरूच्या या चंद्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे, हे १९९६मध्ये ‘गॅलिलिओ’ यानामुळे कळलं. लेखकांनी तेवढ्यावरून तिथे पट्ट्याची शेती आणि प्रसूतिगृहं वसवली, कारण किरणोत्सर्गापासून त्यातल्या त्यात आडोसा तिथेच. दोन महासत्तांची तिथे चकमक झाली, शेतीला ऊन पुरवणारे वरचे आरसे कोसळले आणि दूरवरच्या वस्त्यांचं अन्न तुटलं.

परग्रहावरच्या त्याच पदार्थामुळे तिसऱ्या कादंबरीच्या शेवटी तेराशेहून अधिक सूर्यमालांची दारं उघडतात. इतरांसाठी हा सुवर्णकाळ, बेल्टरांसाठी संकट. निळं आकाश असलेल्या नव्या पृथ्व्या फुकट मिळत असताना खडक कोण खणणार? आणि त्या नव्या ग्रहांवर बेल्टरांची हाडं टिकणार नाहीत. या भीतीवर मार्को इनारोस आपली फौज उभी करतो आणि पृथ्वीवर लघुग्रह फेकतो. असंख्य माणसं मरतात. लेखक त्याच्या कृत्याला क्षमा करत नाहीत, पण त्याच्यामागे गेलेल्यांची भीती खरी होती हेही लपवत नाहीत.

मला या मालेचं मोठेपण या युद्धाच्या शेवटी होणाऱ्या तहात दिसतं. त्या दारांतून एका वेळी फार वाहतूक झाली तर जहाजं नाहीशी होतात, म्हणून कुणीतरी ती वाहतूक राखली पाहिजे. ते काम बेल्टरांकडे येतं. त्यांचा परिवहन संघ स्थापन होतो, मालिकेत कॅमिना ड्रमर त्याची अध्यक्ष होते. ज्या शरीरांमुळे त्यांना ग्रह बंद झाले, तीच शरीरं अंतराळात आयुष्य काढायला सगळ्यांत योग्य असतात. युद्ध थांबतं ते दयेमुळे किंवा विजयामुळे नव्हे, तर ज्यांना फालतू ठरवलं होतं त्यांची सगळ्यांना गरज लागते म्हणून. पुढच्या कादंबऱ्यांत हा संघही अन्याय करतो, कारण सत्ता आली की तिचे मोह येतातच. तरीही एक गोष्ट ही माला ठामपणे सांगते आणि मला ती पूर्ण पटते: माणसाच्या हवेपाण्यावर दुसऱ्याचा ताबा असेल तोवर तिथे शांतता टिकत नाही, आणि ज्या तहात पराभूतांसाठी काम आणि मान दोन्ही नसतात तो पुढच्या युद्धाची तयारीच असतो.